टोगोहून आलेली बाजरी

महाराष्ट्रात २०१२ मध्ये प्रसारित झालेल्या ‘धनशक्ती’ बाजरीचं आजोळ पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात आहे. तिथल्या ‘इनियाडी’ या टपोऱ्या दाण्याच्या, लवकर पिकणाऱ्या बाजरीतून हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं आयसीटीपी ८२०३ हे वाण निवडलं. पुढे त्याच वाणातली जास्त लोहाची झाडं हेरून धनशक्ती तयार झाली. यात बाहेरचं जनुक घातलेलं नाही. आहे ती निव्वळ चिकाटीची निवड. किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह!

पण दाण्यातलं लोह रक्तात उतरतं का? खरी मेख इथेच. बाजरीतलं फायटेट लोहाला धरून ठेवतं, म्हणून बरंचसं लोह शरीराला मिळतच नाही. तरीही महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना काही महिने लोहयुक्त बाजरीची भाकरी दिल्यावर त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

धनशक्ती संकरित नाही, त्यामुळे घरचं बियाणं राखता येतं. शेतकरी मात्र उत्पन्न पाहतो आणि संकरित वाण घेतो, त्यात त्याचं काय चुकलं? म्हणूनच २०१८ मधला निर्णय मला जास्त मोलाचा वाटतो: बाजरीच्या नव्या वाणात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त हवंच.

पीठ लवकर कडवट होण्याचं दुखणं उरतंच. दळताना दाण्यातली चरबी आणि ती फोडणारं लायपेज हे विकर एकत्र येतात. लायपेज कमी सक्रिय असलेल्या वाणांवर आता काम सुरू आहे.