स्पॅनिशमध्ये ‘थांब’ आणि ‘थांबा’ कसं म्हणायचं? मराठी येणाऱ्यांसाठी सोपी युक्ती

तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत आपण लहान भावाला ‘थांब’ म्हणतो आणि शेजारच्या आजोबांना ‘थांबा’. इंग्रजीत दोघांनाही एकच ‘वेट’. स्पॅनिश शिकवणारी बहुतेक अ‍ॅप्स आणि व्हिडिओ इंग्रजीतून असतात. म्हणून धाराशिवमधल्या एखाद्या विद्यार्थ्याला वाटू शकतं की आधी इंग्रजी पक्कं करावं, मग स्पॅनिश. पण आज्ञार्थ शिकताना इंग्रजीपेक्षा मराठीच जास्त कामाला येते.

तू की तुम्ही?

स्पॅनिशमध्येही ‘तू’ला ‘तू’च म्हणतात. आदरार्थी ‘तुम्ही’साठी ‘उस्तेद’ हा शब्द आहे. आपण तुळजाभवानीला ‘तू’ म्हणतो, तसं स्पॅनिश प्रार्थनेतही देवाला ‘तू’च म्हणतात.

रूप कसं तयार होतं?

स्पॅनिश क्रियापदं आर, एर किंवा इर यांनी संपतात. नियमित क्रियापदांसाठी तीन पायऱ्या पुरतात.

१. ‘तू’साठी शेवटचा ‘र’ काढा. एस्पेरार (थांबणे) – एस्पेरा (थांब). कोमेर (खाणे) – कोमे (खा). इर असेल तर ‘इ’चा ‘ए’ करा: एस्क्रिबिर (लिहिणे) – एस्क्रिबे (लिही).

२. ‘उस्तेद’साठी शेवटचा स्वर उलटा करा. ‘आ’चा ‘ए’, ‘ए’चा ‘आ’. एस्पेरे (थांबा), कोमा (खा, आदरार्थी), एस्क्रिबा (लिहा).

३. समोर अनेक जण असतील तर त्याला ‘न’ जोडा. एस्पेरेन, कोमान, एस्क्रिबान. मराठीत एका आजोबांना आणि दहा मुलांना एकच ‘थांबा’ चालतं, स्पॅनिशमध्ये नाही. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्यासाठी आणखी वेगळं रूप आहे: मूळ क्रियापदातल्या ‘र’च्या जागी ‘द’, म्हणजे एस्पेराद.

मराठी कान कुठे फसतो?

आपल्याकडे शेवटी ‘आ’ आला की आदर आला: बस–बसा, बोल–बोला. त्यामुळे ‘एस्पेरा’ कानाला ‘थांबा’सारखं वाटतं, पण त्याचा अर्थ ‘थांब’! मुलाखत घेणाऱ्याला किंवा वयस्कर ग्राहकाला ‘उस्तेद’ वापरायचं तिथे असं बोललात, तर सरळ एकेरीवर आल्यासारखं होईल. आर-क्रियापदात आदर ‘ए’मध्ये असतो, हे लक्षात ठेवा.

स्वर का उलटतो?

‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून आला. त्याच्याशी थेट आज्ञा जोडत नाहीत, इच्छा दाखवणारं रूप जोडतात. आपल्या लग्नपत्रिकेत ‘या’ऐवजी ‘यावे’ असतं ना, तसंच. घोषणांमधला ‘विवा’ हाही याच घरातला, ‘बिबिर’ म्हणजे जगणे यापासून आलेला. स्पॅनिशमध्ये ‘व’चा उच्चार ‘ब’कडे झुकतो.

हे नियम फक्त होकारार्थी आज्ञेसाठी आहेत. ‘थांबू नकोस’ म्हणताना ‘तू’चं रूपही बदलतं: नो एस्पेरेस. येणे, जाणे, करणे यांसारखी रोजची काही क्रियापदं नियम मोडतात, ती पाठच करावी लागतात.

आता स्वतः करून बघा. तोमार म्हणजे घेणे. धाकट्या बहिणीला ‘घे’ कसं म्हणाल आणि आजींना ‘घ्या’ कसं? उत्तर: तोमा आणि तोमे.