दुकानाचा कॉम्प्युटर सुरू होताच नको ती सॉफ्टवेअर उघडतात? लिनक्समध्ये ती अशी थांबवा



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. नवा कॉम्प्युटर घेण्याऐवजी जुन्यावरच लिनक्स मिंट टाकायचा विचार तुम्हीही केला असेल. खर्चाच्या दृष्टीने तो चांगलाच आहे. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, आरामात चालायला ४ जीबी. पण एवढ्याशा रॅममध्ये कॉम्प्युटर सुरू होताच चार-पाच सॉफ्टवेअर आपोआप उघडली, तर बिलिंगला जागा उरणार कुठून?

श्रीरामपूर असो की शेवगाव, दिवसातून दोनदा लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसेल, तर कॉम्प्युटर दोनदा सुरू करावा लागतो. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं. म्हणून ही सेटिंग आजच करून टाका.

पायरी १ : यादी उघडा. मिंटच्या मेनूमध्ये 'स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स' असं शोधा. एक्सएफसीई आवृत्ती असेल, तर 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये 'अ‍ॅप्लिकेशन ऑटोस्टार्ट' बघा.

पायरी २ : नको ते बंद करा. नावापुढचं बटण किंवा टिक काढा. यादीतून नाव उडवू नका, फक्त बंद करा. सॉफ्टवेअर कुठेही जात नाही. लागेल तेव्हा मेनूतून तुम्ही स्वतः उघडू शकता.

पायरी ३ : एका वेळी एकच. एक बंद करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, बिल काढून आणि प्रिंट मारून बघा. सगळं नीट चाललं तर पुढचं. एकदम पाच बंद केली आणि काही अडलं, तर नेमकं कशामुळे ते कळणार नाही.

काय ठेवायचं? नेटवर्क, प्रिंटर आणि पासवर्ड विचारणारी 'पॉलिसीकिट' यांना हात लावू नका. अपडेट मॅनेजरही राहू द्या, सुरक्षेचे अपडेट आल्याचं तोच सांगतो.

काय बंद करता येईल? ब्लूटूथचं काही वापरत नसाल तर ब्लूटूथ. चॅटिंग, गाणी, गेमची सॉफ्टवेअर. मिंटची स्वागताची खिडकी रोज उघडत असेल, तर तिच्यातच खाली टिक आहे, ती काढा.

बंद केलेलं परत उघडतंय? मग त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्युटरसोबत सुरू करा' असा पर्याय चालू आहे का ते बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बिलिंग बसवताना कुणीतरी एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर टाकून जातं आणि ते तसंच राहतं. लिनक्सवर ते पडद्यामागची सेवा म्हणून चालतं, त्यामुळे यादीतलं नाव बंद करून ते पूर्ण थांबत नाही. त्यात कायमचा पासवर्ड ठेवलेला असेल, तर तो माहीत असलेला माणूस तुम्ही 'हो' न म्हणताही आत येऊ शकतो. त्या कॉम्प्युटरवर तुमची उधारी, गिऱ्हाइकांचे नंबर, बँकेचं काम असतं. म्हणून गरज संपली की ते 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधून काढूनच टाका. पुन्हा लागलं तर पुन्हा टाकता येतं.

दुकानाची किल्ली कुणाकडे आहे हे आपल्याला माहीत असतं. कॉम्प्युटर उघडल्यावर काय काय चालू होतं, हेही माहीत हवंच. आज दुकान बंद करायच्या आधी दहा मिनिटं काढा आणि ती यादी एकदा वाचा.