जानेवारीतलं हायडेलबर्ग

एडिंबरा बघायचं तर मे ते ऑगस्टमध्ये या, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगतो. जानेवारीत इथे पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि चारच्या आत दिवस संपतो. पण एक गोष्ट जानेवारीशिवाय बघायला मिळत नाही. इथल्या नॅशनल गॅलरीतली टर्नरची जलरंगचित्रं!

हेन्री वॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्रानुसार १९०० साली टर्नरची ३८ चित्रं गॅलरीला मिळाली. अट अशी की, सगळी एकत्र, विनामूल्य आणि फक्त जानेवारीत दाखवायची. कारण तेव्हा उजेड सर्वांत मंद असतो. जलरंगाचा थर इतका पातळ असतो की उजेडाने तो कायमचा फिका पडतो. सगळेच रंग नाहीत. मातीचे रंग टिकतात, पण वनस्पतीपासून केलेले उडतात. आपल्याकडून जाणारी नीळ त्यातलीच. ती उडाली की जुन्या चित्रातलं करडं आभाळ तांबूस दिसू लागतं. १८८८ मध्ये रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून उजेडाचा हा परिणाम दाखवून दिला होता.

आमच्या आयटीत क्लायंटची रिक्वायरमेंट तीन महिने टिकत नाही. इथे सव्वाशे वर्षांपूर्वीची अट आजही पाळतात. २०२५ मध्ये ही चित्रं डब्लिनला गेली आणि वॉननेच डब्लिनला दिलेली ३१ चित्रं इथे आली, तीसुद्धा जानेवारीतच!

या ३८ मधलं माझं आवडतं चित्र म्हणजे १८४६ च्या सुमाराचं 'हायडेलबर्ग'. जर्मनीत नेकार नदीकाठी वसलेलं हे गाव. वर डोंगरावर फ्रेंच फौजांनी १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केलेला किल्ला. डागडुजी केली, तर १७६४ मध्ये वीज पडली. नदीवरचा जुना पूल १७८४ च्या बर्फाच्या पुरात गेला. आताचा दगडी पूल १७८८ चा. टर्नर इथे १८३३ मध्ये आणि पुन्हा १८४४ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी आला. एवढी पडझड सोसलेलं गाव त्याने सोनेरी उजेडात न्हाऊ घातलंय.

माझे बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. आयुष्यभर त्यांनी टर्नर शिकवला तो छापील पुस्तकातून. तीनदा इथे आले, तिन्ही वेळा उन्हाळ्यात. मग त्यांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मात्र मी थांबलो नाही, जानेवारीचंच तिकीट काढलं. आईने थंडीवरून मला चार शब्द सुनावले.

गॅलरीतला उजेड मंद, बाबांची नजर त्याहून मंद. मला वाटलं, एवढ्या लांबून आणून त्यांना काय दिसणार? ते चित्राच्या शक्य तितक्या जवळ गेले, मान तिरकी करून एका बाजूने बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अरे, उजेडासाठी कागद कोरा सोडलाय बघ. पुस्तकात हे कधी कळलंच नव्हतं."

बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "उद्या परत यायचं का? फुकटच आहे ना!"

त्या मुक्कामात आम्ही चार वेळा गेलो. तुम्हीही जमवा. फक्त कानटोपी विसरू नका.