खोल गेली म्हणून बोट जड होत नाही

दौंड-शिरूरच्या भीमाकाठी बोट म्हटलं की आधी वाळूची बोट आठवते. महसूलचं पथक येतं, चोरट्या उपशाच्या बोटी पकडतं आणि जिलेटिन लावून उडवतं. शेतकऱ्यांची चिंता वेगळी. खडकवासल्यातून पाणी सुटलं की मुळा-मुठा फुगते, रांजणगाव सांडसजवळ ती भीमेला मिळते आणि वेळेत वर न ओढलेल्या उपशाच्या मोटारी तराफ्यासकट तळाला जातात. त्यामुळे बुडालेलं वर कसं काढायचं, यावर या भागात ज्याचं त्याचं ठाम मत असतं. त्यातली बरीच मतं मात्र पाण्याला मान्य नाहीत.

‘जितकी खोल तितकी जड, वरचं पाणी दाबून धरतं ना!’ हे सर्वांत लाडकं. पाणी वरून दाबतं हे खरं, पण ते खालूनही दाबतं, आणि खालचा दाब नेहमी थोडा जास्त असतो. हा फरक म्हणजेच उचल. वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी ती असते आणि 10 फुटांवर असो की 35 फुटांवर, जवळपास सारखीच राहते. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती बोट सुमारे 35 फुटांवर सापडली. एवढ्या खोलीवर गढूळ पाण्यात माणसाला काम करणं अवघड जातं. बोटीचं वजन मात्र तेवढंच असतं.

एक अपवाद आहे. बोट गाळात रुतली तर बुडाखाली पाणी शिरत नाही, मग खालून ढकलणार कोण? अशी बोट खरोखरच ‘धरलेली’ असते. वाळूच्या तळात पाणी झिरपतं, ती लवकर सुटते; धरणफुगवट्याच्या चिकट गाळात तसं होत नाही. तिथे सगळी बोट एकदम उपटण्यापेक्षा पाण्याच्या फवाऱ्याने गाळ सैल करून आधी एक टोक उचलणं शहाणपणाचं. पोकलेनला वायररोप बांधून हिसके दिले तर फायबरची बोट तुकड्यांनी हातात येते.

‘पाण्यात सगळं निम्म्याने हलकं होतं’ हेही खरं नाही. लोखंड पाण्याच्या पावणेआठ पट जड, म्हणून पाण्यात त्याचं वजन जेमतेम आठव्या हिश्श्याने घटतं. 3 टनांची लोखंडी बोट तळाशीही सुमारे 2,600 किलो भरते. तिच्यात ब्रासभर वाळू असेल तर? ब्रास म्हणजे 100 घनफूट, कोरडी वाळू साधारण साडेचार टन. पाण्याखाली तिचे सुमारे 2,800 किलो उरतात. म्हणजे बोटीपेक्षा वाळूच जड! 200 लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप हवेने पूर्ण भरलं तर सुमारे 200 किलो उचलतं. त्याचं प्लास्टिक स्वतःच पाण्याहून किंचित हलकं असल्यामुळे पिंपाचा वेगळा भार पडत नाही. नुसत्या बोटीला अशी 14 पिंपं लागतील आणि वाळू न काढता उचलायची तर जवळपास दुप्पट. त्यामुळे आधी वाळू उपसावी, पिंपं नंतर मोजावीत.

आता ही पिंपं बांधायची कशी? ‘बूच घट्ट लावायचं आणि खाली न्यायची’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण हवेने भरलेलं एकेक पिंप खाली न्यायलाच 200 किलोंचा जोर लागेल, आणि साधारण 33 फुटांवर दाब दुप्पट होत असल्याने वाटेतच ते चेपून जाईल. खरी पद्धत उलटी आहे. पिंप पाण्याने भरून बुडवायचं, तोंड खाली ठेवून बोटीला बांधायचं आणि मग नळीने हवा सोडायची. हवा पाण्याला खालच्या तोंडातून बाहेर ढकलते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा दाब याला पुरून उरतो. मात्र 33 फुटांवर 200 लिटरची जागा भरायला वरची 400 लिटर हवा लागते. पिंप वर येताना हीच हवा पुन्हा फुगते. तोंड उघडं असेल तर जादा हवा बुडबुड्यांनी निघून जाते. बंद पिंप फाटू शकतं. आणि ट्रॅक्टरची ट्यूब वापरली असेल तर ती वर येता येता फुगते, उचल वाढते आणि बोट सुसाट वर येते. त्या वेळी तिच्यावर कुणी तरंगत नसलेलं बरं.

स्फोटाने भोक पडलेल्या बोटीत हवा टिकत नाही, तेव्हा पिंपं बाहेरून बांधणं आलं. डेन्मार्कच्या कार्ल क्रॉयर यांनी 1964 मध्ये कुवेतच्या बंदरात बुडालेल्या मेंढ्यांच्या जहाजात थर्माकोलसारखे बारीक गोळे भरून ते वर आणलं होतं. भीमेत तो प्रयोग कुणी न केलेलाच बरा, नदीत आधीच काय कमी तरंगतंय!

समुद्राच्या पाण्यात हे काम फार सोपं होतं असंही नाही. खारट पाण्यामुळे एका पिंपामागे 5 किलोंची जादा उचल मिळते, एवढंच.

मोठं जहाज हवा भरून फुग्यासारखंच वर आणतात, हाही एक समज. मुंबईच्या नौदल गोदीत 14 ऑगस्ट 2013 रोजी स्फोटांनंतर ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी बुडाली, 18 नौसैनिक गेले. 6 जून 2014 रोजी ती पाण्याबाहेर आली, पण फाटलेल्या शरीरात हवा धरणार कुठे? ती बार्जच्या आधाराने उचलावी लागली. अर्थात बार्जही भार घेते तेव्हा तेवढी आणखी खाली बसते, तेवढं जादा पाणी सारते. उचल पुन्हा पाण्याचीच.

आणि ‘वर दिसली की काम संपलं’ असं तर मुळीच नाही. विहिरीतून पोहरा ओढणाऱ्याला हे ठाऊक असतं: पाण्यात असेपर्यंत तो हाताला जाणवत नाही, पाणी सोडलं की दोर ताणतो. बोटीत 10 घनमीटर पाणी असेल तर कड पाण्याच्या वर निघताच 10 टनांचा भार साखळीवर यायला लागतो. म्हणून कड जेमतेम वर आली की थांबायचं, भोक बुजवायचं, पंप लावून पाणी उपसायचं आणि मगच पुढे ओढायचं. काठावर क्रेन बोलावली असेल तर क्रेनवाल्याने वजन रिकाम्या बोटीचं धरलंय की पाण्याने भरलेल्या, हे हुक लावायच्या आधी विचारून घ्यावं.