चैत्राच्या तोंडावर लोणार

लोणारला येणारे बहुतेक लोक वरूनच विवर बघतात, फोटो काढतात नि निघतात. मी पाखरांसाठी जातो, तेही मार्चअखेरीस, ऊन तापायच्या आत. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या उल्काविवरात उतरणं सोपं. परतीचा चढ मात्र गुडघ्यांना कळतो.

तळ्याचं पाणी खारं आणि कमालीचं अल्कधर्मी. मुख्य पाण्यात मासे सहसा तगत नाहीत, पण शेवाळ आणि किडे मुबलक. म्हणून काठच्या चिखलात शेकाट्या लांब लाल पायांनी फिरत चोच मारत असतो, टिबुकली बुड्या घेते. चक्रवाक याच सुमारास हिवाळी मुक्काम आवरून लडाख-तिबेटकडे निघतात. संस्कृत कवींनी त्यांना रात्रभर विरहात ठेवलं. मला तर ते जोडीनंच दिसतात.

२०२० हे वर्ष लोणारचं. जूनमध्ये मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झालं, तेव्हा गर्दी उसळली. नोव्हेंबरात रामसर पाणथळीचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा फारसं कुणी फिरकलं नाही.

वेळ कमी असेल तर धारेच्या गोड पाण्याजवळच्या झाडीत बसा. बुलबुल येतातच, नशिबात असेल तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तकही.