चतुराची मुखांगे : पाण्यातील आणि हवेतील

इगतपुरी तालुक्यात भातलावणी आटोपली, की खाचरांतील उथळ पाण्यात चतुरांची अंडी पडू लागतात. मोसमी वाऱ्यांबरोबर दूरवर संचार करणारी 'पँटाला फ्लॅव्हेसेन्स' ही जात अशा तात्पुरत्या पाण्यात सुमारे दीड-दोन महिन्यांत वाढ पूर्ण करते. कीटक एकच; परंतु पाण्यात आणि हवेत त्याचे भक्ष्य पकडण्याचे साधन वेगळे असते. हा फरक मुख्यतः अधरोष्ठाच्या, म्हणजे खालच्या ओठाच्या, रचनेत दिसून येतो.

अर्भकावस्थेत अधरोष्ठ लांब असून त्यास दोन सांधे असतात. एरवी तो डोक्याखाली घडी करून ठेवलेला असतो. पँटालाच्या कुळात त्याचे टोक पळीसारखे खोलगट असते व चेहऱ्याचा खालचा भाग झाकते. म्हणून त्यास 'मुखवटा' म्हणतात. डासाची अळी किंवा बेडकाचे पिलू टप्प्यात येताच तो सेकंदाच्या काही शतांश भागात पुढे झेपावतो, टोकावरील दोन हलत्या पाकळ्या भक्ष्यास पकडतात आणि जंभांपर्यंत ओढून आणतात.

हा वेग उदरातील स्नायूंच्या आकुंचनाने वाढलेल्या रुधिरदाबामुळे येतो, असे दीर्घकाळ मानले जाई. स्पष्टीकरण सुटसुटीत होते, पण पुरेसे नव्हते. 2021 मध्ये कील विद्यापीठातील संशोधकांनी 'सायन्स रोबोटिक्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की गलोलीच्या ताणलेल्या रबराप्रमाणे दोन्ही सांध्यांशी ऊर्जा आधीच साठविली जाते व अडसर सुटताच ती मोकळी होते.

अखेरची कात टाकण्यापूर्वी प्रौढाचा आखूड अधरोष्ठ जुन्या मुखवट्यातून आत सरकू लागतो. मुखवटा पोकळ होतो आणि अर्भकाचे खाणे थांबते. पुढील सर्व रूपांतर आधीच्या शिकारीवर साठलेल्या पोषणातून पार पडते. त्यामुळे खाचर लवकर आटले, अथवा पिकावरील कीटकनाशक पाण्यात उतरले, तर डासांच्या अळ्यांचा हा भक्षक पंख फुटण्याआधीच नाहीसा होतो.

प्रौढाचा अधरोष्ठ झेपावत नाही. तो भक्ष्यास केवळ खालून आधार देतो. उडते कीटक पकडण्याचे काम काटेरी पायांच्या टोपलीकडे जाते. जंभांचे चावण्याचे कार्य मात्र दोन्ही अवस्थांत कायम राहते. फॅब्रिसियसने या गणास दिलेले 'ओडोनाटा' हे नाव याच दातेरी जंभांवरून आले आहे.

भाताच्या काडीला चिकटलेली रिकामी कात थोडा वेळ पाण्यात भिजवून टाचणीने अलगद उचकली, तर घडी घातलेला मुखवटा उलगडतो व त्याचे दोन्ही सांधे साध्या भिंगाखाली पाहता येतात.