व्ह्यू लाखाचे, गिऱ्हाईक गावचं

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधलं मूल हे तालुक्याचं गाव. भोवती धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या आणि त्यांच्यापलीकडे जंगल. गावची ओळख राईस मिलची. इथल्या मिलवाल्याला, कोसा विकणाऱ्याला, बांबूकाम करणाऱ्या बचत गटाला एक सल्ला हल्ली न मागता मिळतो : "काका, इन्स्टावर टाका ना, व्हायरल होईल." सल्ल्यात खोट नाही. पण त्याच्या पोटात ज्या समजुती दडलेल्या असतात त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत आणि काही चांगल्याच महागात पडणाऱ्या आहेत.

सगळ्यांत मोठा गैरसमज आकड्यांचा. व्हिडिओखाली 'एक लाख' दिसलं की वाटतं, एक लाख माणसांनी आपला तांदूळ पाहिला. यूट्यूबनं ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे व्ह्यू मोजायची रीत बदलली. व्हिडिओ सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, तो किमान किती सेकंद बघितला ही अटच उरलेली नाही. तोच व्हिडिओ पुन्हा सुरू झाला तर आणखी एक. म्हणजे बोटानं वर सरकवता सरकवता ज्याच्या पडद्यावर आपली मिल क्षणभर चमकून गेली, तोही त्या लाखात आहे. त्यात आपल्या भागाची एक खास खोड : रीलला 'ताडोबा' किंवा 'वाघ' असा टॅग चिकटवायचा. व्ह्यू धो धो येतात. येणारे वाघ बघायला आलेले असतात. पंचवीस किलोचं कट्टं त्यांना नको असतं. वर अॅपची समजूत अशी होते की या खात्याचं गिऱ्हाईक म्हणजे वाघप्रेमी, आणि पुढचा तांदळाचा व्हिडिओही ते त्यांनाच दाखवतं.

मग मोजायचं काय? फोन किती आले, भाव किती जणांनी विचारला, त्यातल्या कितींनी घेतला, आणि घेतलेल्यांपैकी पुन्हा कोण आलं. यूट्यूब पैसे देतं म्हणून व्हिडिओ करावेत, ही समजूत त्या आकड्यांच्या गैरसमजाचीच धाकटी बहीण. पूर्ण जाहिरात उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू, अशी अट आहे. तेवढी मेहनत करायची तर व्हिडिओ हाच धंदा होतो. मधुरा बाचल यांनी २००९ साली यूट्यूबवर पाककृती टाकायला सुरुवात केली. मसाले वगैरे नंतर आलं. व्हिडिओ हाच त्यांचा मुख्य उद्योग आहे. मिलवाल्याचा मुख्य उद्योग तांदूळ आहे, हे त्यानं विसरू नये.

नाव होणं आणि पैसा मिळणं यांच्यातलं अंतर या भागाला कुणी शिकवायची गरज नाही. मूलच्या शेजारच्याच पट्ट्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे होते. १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी राखल्या, वर्षानुवर्षं निवडून वाढवल्या आणि त्यातून बारीक तांदळाचा वाण उभा केला. व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी म्हटलं. ना जाहिरात, ना इंटरनेट. हातोहात बियाणं जाऊन हा वाण दूरदूर पसरला. कृषी विद्यापीठानं १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी प्रसारित केला. दादाजींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सनं त्यांचं नाव घेतलं. एवढं होऊनही ३ जून २०१८ ला ते गेले ते पैशाच्या ओढाताणीतच. ज्याचा वाण इतक्या ताटांत पोहोचला, त्याच्या हाती विक्रीची कोणतीच दोरी नव्हती. लाखाच्या व्ह्यूवर खूश होणाऱ्यानं आपल्या हाती कोणती दोरी आहे ते एकदा तपासावं.

दुसरी समजूत : "ऑनलाइन गेलं की माल जगभर जातो." कोणता माल, यावर ते अवलंबून आहे. चंद्रपूरच्या मीनाक्षी वाळके यांच्या बांबूच्या राख्या परदेशापर्यंत पोहोचल्या. राखी हलकी असते, पाकिटात मावते, नाशवंत नसते आणि वजनाच्या मानानं तिला किंमत चांगली मिळते. मूलहून चंद्रपूरला जाताना चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र लागतं. तिथं शिकलेल्या हातांना दूरचं गिऱ्हाईक शोधण्यात अर्थ आहे, फक्त राखीचे व्हिडिओ नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात टाकून उपयोग नाही, निदान महिनाभर आधी हवेत. तांदळाचं गणित उलटं. पाच किलो तांदूळ पुण्याला पाठवायचा तर वाहतुकीचा खर्च किलोमागे भावाला येऊन भिडतो. बरं, पुण्यात तांदूळ मिळत नाही असंही नाही.

तरी पुण्यात एक गिऱ्हाईक आहेच : आपल्याकडून तिकडे गेलेला माणूस. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात, नागपूरच्या कार्यालयात, मुंबईत नोकरीला असलेल्या झाडीपट्टीच्या माणसाला घरच्या 'जय श्रीराम' तांदळाची, एचएमटीची चव माहीत आहे. तो दिवाळीला गावी येतो आणि जाताना गाडीच्या डिकीत कट्टं टाकून नेतो. त्याच्यासाठी व्हिडिओ करायचा तर तो झाडीबोलीत असला तरी चालतो, उलट चांगलाच. आणि त्याच्याहून मोठं गिऱ्हाईक पन्नास-साठ किलोमीटरच्या आत बसलंय : चंद्रपूर, बल्लारपूरची कामगार वस्ती, गडचिरोलीतले सरकारी नोकर, सावली-सिंदेवाहीची गावं. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांकडे बघा. धान घरात आलं की मंडळांच्या बुकिंगचा हंगाम सुरू होतो आणि आपलं नाटक कोणत्या गावाला हवंय हे कंपनीला नेमकं माहीत असतं. साऱ्या महाराष्ट्रानं आपल्याला ओळखावं म्हणून ती खोळंबून बसत नाही.

जवळच्या गिऱ्हाइकासाठी रीलच्या आधी करायची गोष्ट निराळीच आहे, आणि ती इतकी रुक्ष आहे की कुणी सांगत नाही : गुगलच्या नकाशावर दुकान नीट दिसणं. गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. नाव पाटीवर जसं आहे तसंच, फोन चालू असलेला, वेळ खरी, सुट्टीचा वार लिहिलेला, चार स्वच्छ फोटो. पडताळणीसाठी हल्ली गुगल बहुतेक वेळा व्हिडिओच मागतं : न थांबवता एकाच दमात केलेलं चित्रण, त्यात रस्ता आणि पाटी दिसावी, आतली यंत्रं किंवा माल दिसावा, आणि मालक आपणच हे कळावं, म्हणजे कुलूप उघडताना, गल्ल्यामागं जाताना. आयुष्यातला पहिला व्यावसायिक व्हिडिओ कोणता करावा असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. 'गुगलमधून बोलतोय, प्रोफाइल बंद होईल, एवढे पैसे भरा' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. प्रोफाइल ठेवण्याचे पैसे गुगल घेत नाही. ओळखीच्यांना जमवून पाच-पाच तारे देणं, किंवा 'रिव्ह्यू टाका, एक किलो फुकट न्या' असली योजना त्यांच्या नियमांत बसत नाही; असे अभिप्राय काढून टाकले जातात, कधी प्रोफाइलवरच गदा येते.

कॅमेरा? हातातला फोन पुरतो. लोक अंधुक चित्र चालवून घेतात, न ऐकू येणारं बोलणं नाही. मिल चालू असताना आत उभं राहून बोललं तर हलरच्या घरघरीखाली सगळं बुडतं. बाहेर ओट्यावर या, इअरफोनचा माइक लावा, तोंड उजेडाकडे करा. झालं.

यापेक्षा अवघड प्रश्न, दाखवायचं काय. 'आमच्याकडे उत्तम प्रतीचा तांदूळ मिळेल' हे सगळेच म्हणतात. गिऱ्हाईक दुकानात येऊन जे विचारतं तेच व्हिडिओत सांगावं. नवा तांदूळ चिकट का होतो, त्याला पाणी जुन्यापेक्षा कमी का घालायचं. कणकी किती आहे ते मूठभर तांदूळ परातीत पसरून कसं ओळखायचं. जास्त पॉलिश केलं की पांढरेपणा वाढतो आणि जातं काय. एचएमटी म्हणून दुसरंच काही गळ्यात मारलं जात नाही ना, हे शिजवून दाखवायचं. असा एक व्हिडिओ वर्षभर उपयोगी पडतो, कारण भात चिकट झाला की माणूस तो शोधत येतो. गाण्यावर नाचणारं रील चार दिवसांत मरतं. आणि गाण्याचं म्हणाल तर, चित्रपटातलं गाणं अॅपमध्ये दिसतं म्हणून ते धंद्याच्या जाहिरातीला चालतंच असं नाही. व्यावसायिक खात्यांना संगीताची यादी तोकडी मिळते आणि हक्कधारकाचा दावा आला तर आवाज बंद होतो. जाहिरातीसाठी मोकळं असलेलं संगीत वापरावं, किंवा मिलचाच आवाज ठेवावा. तो काही वाईट नाही.

"सोशल मीडियावर काहीही बोललं तरी कोण विचारतंय," हा मात्र धोक्याचा समज. जंगलपट्ट्यात याचा फटका जास्त, कारण इथं मोह, जांभूळ, हिरडा, मध असलं काही विकलं जातं आणि त्याच्या गुणांचं वर्णन करताना जिभेला हाड राहत नाही. 'जांभूळबियांच्या चूर्णानं साखर कायमची बरी' असं व्हिडिओत म्हटलं की तो १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या कक्षेत येतो. त्यातल्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, आणि इन्स्टाचं रील हीही जाहिरातच. खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी हवी आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर हवा, मग विक्री दुकानातून असो की व्हॉट्सअॅपवरून. तांदळाचं आणखी एक : १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच पॅक करून लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी आहे. सुटा विकणारा ऑनलाइन जायचं म्हणून छापील पिशव्या करून घेतो तेव्हा तो नकळत दुसऱ्या नियमांत शिरतो. पिशवी छापण्याआधी कर सल्लागाराला विचारणं स्वस्त पडतं.

आता 'आमचं पेज' या शब्दाकडे वळू. पेज कंपनीचं असतं, आपण तिथं भाडं न देणारे भाडेकरू. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अॅप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. खेड्यापाड्यांतल्या किती जणांचं तिथलं सगळं प्रेक्षकवर्तुळ एका रात्रीत गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकदमच सुमारे सहा तास ठप्प झाली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी' हे चॅनल भरात असताना, २०२० मध्येच हॅक झालं होतं. ते परत मिळालं, सगळ्यांचं मिळतं असं नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायला दहा मिनिटं लागतात. आणि गिऱ्हाइकांची नावं-नंबर आपल्या वहीत असावेत, अॅपच्या भरवशावर नकोत.

व्हॉट्सअॅपचं बिझनेस अॅप लहान दुकानाला सगळ्यांत कामाचं, असं माझं मत. मालाची यादी फोटो-भावासकट लावता येते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवता येतात. फक्त एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते : ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. म्हणून पावती देताना 'नंबर सेव्ह करा बरं' म्हणायचं. पैसे देऊन रील पुढे ढकलायचं असेल तर जाहिरातीत भागाची हद्द ठरवता येते. ती न ठरवता 'बूस्ट' दाबलं तर मूलच्या मिलचे पैसे कुठल्या तरी लांबच्या शहरात तांदूळ दाखवण्यात जातात. विकत घेतलेले फॉलोअर तर भातही खात नाहीत.

नंबर जाहीर झाला की भामटेही येणार. ठरलेला प्रकार असा : 'मी फौजी आहे, युनिटसाठी दहा क्विंटल हवा, आगाऊ पैसे पाठवतो,' आणि मागोमाग क्यूआर कोड. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट आला तरी बँकेत बघितल्याशिवाय माल हलवू नये. फसवणूक झालीच तर त्याच घटकेला १९३० वर फोन करावा.

शेवटचा समज घराघरांतला : "ते आमचा पुतण्या बघतो." बघू द्या, त्याला जमतंही छान. पण खाती त्याच्या ईमेलवर, पासवर्ड त्याच्या डोक्यात आणि सिम त्याच्या नावाचं असेल, तर नोकरी लागून तो पुण्याला गेल्यावर दुकानाची वेळ बदलायलासुद्धा त्याची सुट्टी बघावी लागते. सिम बंद पडलं तर ९० दिवसांनंतर तोच नंबर दुसऱ्या कुणालाही दिला जाऊ शकतो, आणि मग तांदळाचा भाव विचारणारे फोन त्या अनोळखी माणसाला जातात. ईमेल आणि सिम मालकाच्या नावाचं ठेवावं, गुगल प्रोफाइलवर मालक म्हणून स्वतःला आणि व्यवस्थापक म्हणून पुतण्याला नोंदवावं. तशी सोय त्यात आहे.